पेवातला उजेड

माय पेवाच्या तोंडावर पालथी पडली होती आणि बा तिचे केस धरून तिला बाजूला ओढत होता. तिनं दोन्ही हात पसरून तोंडाचा दगडी काठ धरून ठेवला होता. बा ओरडत होता, "सर बाजूला, माहं पोरगं हाये खाली!" आणि माय दगडात तोंड खुपसून म्हणत होती, "माहं नाई काय?" बानं तिच्या कमरेत लाथ घातली. ती सरली नाही. तिचं लुगडं आणि दगड यांच्यामधल्या फटीतून खालचा उजेड वर येत होता. पिवळा, ठाम उजेड, जरासुद्धा हलत नव्हता. खाली माझा काका होता आणि माझा मोठा भाऊ नामदेव होता, आणि दोघांपैकी कोणीही ओ देत नव्हतं. काकू गोठ्याच्या खांबाला धरून उभी होती. मला वाटलं, आता बा मायचा जीव घेईल आणि मग स्वतः खाली जाईल, आणि या घरात मी आणि काकू एवढ्याच उरू. मला दुसरं काही वाटल्याचं आठवत नाही.

पेव म्हणजे काय हे आता नातवंडांना सांगावं लागतं. जमिनीत खोल खड्डा, रांजणासारखा. तोंड लहान, एक माणूस खांदे चोरून उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं. आतून कडब्यानं अस्तर करायचं, ज्वारी भरायची, वरून दगडाची चीप ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. घरातल्या कणग्या रिकाम्या झाल्या की पेव उघडायचं. आमचं पेव गोठ्यामागं मुरमाड जागेत होतं. जानेफळच्या बाजाराला पायी जायचो तेवढ्या अंतरावर आमचं गाव. घर मातीचं, पण खाऊनपिऊन बरं. सकाळी जात्याच्या घरघरीनं जाग यायची. एका अंगाला माय, दुसऱ्या अंगाला काकू, मध्ये जातं. दोघींचं फारसं बोलणं नसायचं, पण खुंट्यावर दोघींचे हात बरोबर फिरायचे. भाकर, मिरचीचा ठेचा, अंबाडीची भाजी, कधी कण्या. काकाला कण्यांवर कच्चं तेल लागायचं आणि माय म्हणायची, "भावजी, तेलाची घानी लावा आता दारात." मी चौथी झाले आणि शाळा सुटली. कोणी रडलं नाही, मीही नाही. शेण काढायला माणूस पाहिजे होतं.

काका म्हणजे किसनकाका, बाचा धाकटा भाऊ. त्याचं शेतीत मन नव्हतं असं लोक म्हणायचे, पण ते खरं नाही. काम करायचा, फक्त हातात काही मोडकं आलं की औत तिथंच ठेवून त्याच्याशी खेळत बसायचा. लग्नाच्या आधी तो मेहकरला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काही दिवस राहिला होता. दुकानदारानं त्याला दुकान झाडायला ठेवलं होतं, पण काका गावात येऊन सांगायचा की आपण रेडिओ उघडत होतो. त्यानं येताना एक बॅटरी आणली होती. आम्ही टॉर्चला बॅटरी म्हणतो आणि आत घालायच्या बॅटरीला सेल. पत्र्याची, चकचकीत, मागं फिरकीचं झाकण आणि झाकणात स्प्रिंग. घरात ती एकच होती आणि ती कधीही धड लागत नसे. रात्री गुरांकडं जाताना काका बटण दाबायचा, उजेड यायचा, दोन पावलं टाकली की जायचा. मग तळहातावर थप थप आपटायचं, की पुन्हा यायचा. अंधारात ती थपथप ऐकू आली की माय चुलीपुढून म्हणायची, "आले रे, उजेड बडवत आले." बा तर तिला हातच लावत नसे. तो कंदील घेऊन जायचा.

एका पावसाळ्यात सेलाचं पाणी सुटलं आणि बॅटरी पार गेली. काकानं ओट्यावर झाकण उघडलं तेव्हा स्प्रिंगवर पांढरी-हिरवी भुकटी बसली होती, मिठासारखी. त्यानं ती दाढीच्या पात्यानं खरवडली, चिंधीनं पुसली, नवे सेल घातले. चार दिवस बरी चालली, पुन्हा गंज. मग त्याच्या डोक्यात आलं की गाडीच्या आसाला वंगण लावतात तर लोखंड गंजत नाही, मग इथं का नको. गाडीला टांगलेल्या नळकांड्यातलं काळं वंगण त्यानं बोटभर घेऊन स्प्रिंगला फासलं. झालं, बॅटरी लागेचना. लागली तर काजव्याएवढी. नामदेव हसून हसून लोळला. "काका, आता हिले बैल जुंपा," म्हणाला. काकानं त्याच्या डोक्यात टपली मारली आणि पुन्हा सगळं पुसून काढलं. त्याला दुकानातली गोष्ट आठवली होती. तिथं दुकानदाराकडं एका डबीत काळं मलम असायचं, ते रेडिओच्या सेलांच्या पत्र्याला लावायचे. त्यात पेन्सिलीत असतं तसं शिसं घातलेलं असतं, असं दुकानदार म्हणाला होता. नुसतं वंगण गंज धरू देत नाही पण करंटही अडवतं, शिसं घातलं की करंटला वाट मिळते. एवढं बोलून काकानं माझ्याकडं पाहिलं.

माझी शिसपेन्सिल गेली. एकच होती, शाळेतली. मला तिचं काही काम नव्हतं हे खरं, पण माझी होती. काकानं ती चिरून आतली काळी काडी काढली आणि मायच्या खलबत्त्यात घालून कुटली. माय बाहेरून आली आणि तिनं पाहिलं. "त्याच्यात मी ठेचा कुटतो भावजी! उद्या तुमच्या भाकरीवर काळं येईन, थे चाटून खासान!" काका म्हणाला, "वैनी, थे खाऊन पोटात उजेड पडीन." माय हसली नाही, पण तोंड फिरवून घेतलं म्हणजे हसली असावी. बाजारातून काकूसाठी आणलेल्या ओठाला लावायच्या व्हॅसलीनच्या डबीत त्यानं ती पूड घातली आणि काडीनं घोटली, घोटत राहिला. काळंभोर, मऊ मलम झालं. मग त्यानं मला जवळ बसवून दाखवलं. पहिले पत्रा खरवडून चमकवायचा, मग काडीच्या टोकानं एवढंसं लावायचं. "तिळाएवढं, वच्छे. जास्त लावशीन तं करंट नोको तिकडं पळते. पहिले साफ कर, मंग लाव. घाणीवर मलम लावून काई होत नाई." सेल घातले, झाकण फिरवलं, बटण दाबलं. उजेड लागला आणि लागूनच राहिला. काकानं ती आपटली, हलवली, पायरीवरून खाली गडगडत सोडली. उजेड गेला नाही. बा गोठ्यातून हे पाहत होता. तो आला, बॅटरी हातात घेतली, स्वतः हलवून पाहिली आणि काही न बोलता परत दिली. बाची एवढी शाबासकी काकाला आयुष्यात मिळाली नव्हती.

त्यानंतर आमच्या ओट्यावर दर दोन दिवसांनी कोणाची तरी बॅटरी येऊन पडायची. कोणाची लागत नाही, कोणाची मध्येच जाते. काका उघडायचा, खरवडायचा, मलम लावायचा. जायच्या आधी प्रत्येकाला बजावायचा, "काम झालं का बंद करा, सेल जातीन." घरात कोणी बॅटरी उगाच लावून धरली की त्याचा आवाज यायचाच, "बंद कर ना बे, सेल जातीन." आम्ही सगळे त्याची नक्कल करायचो. काकू करायची ती सगळ्यात चांगली, पण ती फक्त मायपुढं. लोक म्हणायला लागले की किसनाची बॅटरी विझत नाही. हे बोलणं गावभर झालं होतं. ते मी इथं लिहून ठेवते कारण पुढं जे झालं ते त्या बोलण्यानंच झालं.

मागच्या महिन्यात नातवानं टीव्हीच्या रिमोटमध्ये मलम घातलं. बारीक नळीत मिळतं आता, घरपोच येतं. त्याचं इंग्रजी नाव त्यानं मला सांगितलं. त्यानंही पहिले स्प्रिंग घासली, मग काडीनं एवढंसं लावलं. बरोबर करत होता. मी त्याला म्हटलं, हे माझ्यासमोर करू नको. तो म्हणाला, "काऊन आजी, वास येते काय?" वास येत नाही त्याला. मी उठून मागच्या दारी गेले आणि बसले. माझं वय आता एवढं झालं आहे की मला घाबरायला काही कारण राहिलं नाही, तरी त्यानं झाकण लावेपर्यंत मी आत गेले नाही.

मलम लागलं त्याच्या पुढच्या वर्षी, पोळ्याच्या आधी, घरातली ज्वारी संपली. पेव उन्हाळ्यात एकदा उघडून अर्धं काढलं होतं आणि पुन्हा लिंपलं होतं. चीप नीट बसली नसावी, पाणी झिरपलं असावं. बानं आणि नामदेवनं सकाळी चीप काढली तेव्हा आतून आंबट, कोंदट वास आला. तसा थोडा वास नेहमीच यायचा. पेव उघडलं की दिवसभर तसंच सोडायचं आणि मग कंदील दोरीला बांधून आत सोडायचा, हा घरातला कायदा. कंदील जळत राहिला तर उतरायचं, विझला तर उतरायचं नाही. का, ते कोणी नीट सांगत नसे. पेवात भूल असते, भूल उजेडाला भिते, असं आमची मोठी माणसं म्हणायची. आम्हाला एवढंच माहीत, उजेड राहिला की जायचं.

दुपार व्हायच्या आत लोणारच्या बाजूनं आभाळ काळं होऊन आलं आणि वारा सुटला. पेव उघडं आणि पाऊस आला तर सगळी ज्वारी कुजणार. झाकून ठेवलं तर उद्या पुन्हा तेच. बा आभाळाकडं पाहून म्हणाला, "आताच काढून घेऊ." कंदील आणला. त्याच्या काचेला तडा होता. दोरीला बांधून बानं आत सोडला. थोडा खाली गेला आणि विझला. ओढून पेटवला, पुन्हा सोडला, पुन्हा विझला.

माय म्हणाली, "नोको. राहू द्या."

काका म्हणाला, "वैनी, काच फुटेल हाये, वारा काय थोडा हाये? कंदील विझनच." तो घरात गेला आणि बॅटरी घेऊन आला. कंदील सोडून त्याच दोरीला त्यानं बॅटरी बांधली, बटण लावलं आणि आत सोडली. ती खाली गेली, ज्वारीच्या ढिगावर हातभर अंतरावर लटकत राहिली आणि जळत राहिली. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. आत सगळं स्वच्छ दिसत होतं, कडब्याचं अस्तर, ज्वारीवरची पांढरी बुरशी, एका बाजूला काळा पडलेला थर.

"जळते का नाई?" काका म्हणाला.

"जळते," बा म्हणाला.

मायनं नकाराची मान हलवली आणि विझलेला कंदील उचलून बाजूला ठेवला. उजेड राहिला होता. कायदा एवढाच होता. तेलाच्या दिव्याला हवा लागते आणि सेलाच्या दिव्याला लागत नाही हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही. आमच्या मनात एवढंच होतं की पूर्वी सारखी विझणारी वस्तू आता विझत नाही.

एरवी उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी असायची. ती दोरी आता बॅटरीला होती. काका म्हणाला, "राहू द्या, मले उजेड पाह्यजे." काठावर बसून, हातावर लोंबकळून त्यानं आत उडी टाकली. ज्वारीवर त्याचे पाय घोट्यापर्यंत रुतले. वरून नामदेवनं सुतळीला बांधून टोपलं सोडलं. काकानं एक टोपलं भरलं, नामदेवनं ओढून घेतलं. दुसरं भरता भरता तो थांबला. "लय गरम होऊन राह्यलं बे," तो म्हणाला, आणि हसला. हसणं विचित्र होतं, दारू प्यालेल्या माणसासारखं, आणि काका पीत नव्हता. मग तो खाली बसला. मग कुशीवर झाला, झोपल्यासारखा. बॅटरी त्याच्या डोक्यावर लटकत होती आणि त्याच्या तोंडावर उजेड पडला होता. डोळे उघडे होते.

"काका! ओ काका!" नामदेव ओरडला, आणि बानं त्याचा हात धरायच्या आत तो उतरला. मी काठावर होते, मी सगळं पाहिलं. नामदेवनं काकाला काखेत हात घालून उचललं. एकदा उचललं. काकाची मान मागं पडली. नामदेवनं वर आमच्याकडं पाहिलं, तोंड उघडलं, आणि त्याचे गुडघे गेले. तो काकाच्या अंगावर आडवा पडला. नामदेव वर, काका खाली. हे मी मुद्दाम लिहिते.

मग बा उठला आणि माय पेवाच्या तोंडावर पडली. ते मी वर लिहिलं आहे. शेवटी मायनं बाच्या हाताला चावा घेतला, रक्त निघेपर्यंत, आणि तेव्हा बा थांबला. माय धापा टाकत म्हणाली, "तुमी गेले तं मले तिघं काढा लागतीन. गळ आणा. इहिरीचा गळ आणा!"

विहिरीत बादली पडली की काढायचा लोखंडी गळ असतो, तीन-चार वाकडे आकडे असलेला. तो आमच्या शेजारी संपतआबांकडं होता. मी धावले. मी त्यांच्या भिंतीवरचा गळ ओढायला लागले, तेव्हा ते म्हातारे काही न विचारता दोर घेऊन माझ्यामागं पळत आले. तोवर मायनं वाकळ भिजवून आणली होती आणि ती आणि काकू दोघी मिळून ती पेवाच्या तोंडात वरखाली घुसळत होत्या, आतली हवा हलावी म्हणून. आभाळ गरजत होतं पण पाऊस आला नव्हता.

गळ सोडायचा तर आत पाहणारं कोणीतरी काठावर पालथं पडलं पाहिजे होतं. बाचे डोळे अधू होते. संपतआबा म्हातारे. मायनं माझ्याकडं पाहिलं. "वच्छे, पड इथं. श्वास बाहेर घे, मंग मान आत घाल. गरगरलं का पाय झाड. म्या पाय धरले हाये." तिनं माझे घोटे असे धरले की पुढं कित्येक दिवस बोटांचे वळ होते. मी बाहेर श्वास घेतला आणि मान आत घातली.

एवढी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. बाळंतपणात नाही, नवरा गेला तेव्हा नाही. माझ्या खाली दोन माणसं पडली होती आणि माझ्या डोळ्यांसमोर ती बॅटरी लटकत होती, आणि मला एकच कळत होतं की ही विझली तर काही दिसणार नाही. मी त्या बॅटरीला विझू नको, विझू नको म्हणत होते, मनातल्या मनात, कारण श्वास धरलेला होता. मान बाहेर काढायची, श्वास घ्यायचा, सांगायचं: "डाव्या अंगानं. खाली. आनखी." पुन्हा आत. पहिल्यांदा गळ नामदेवच्या बंडीत अडकला, ओढला तर बंडी टरकन फाटली आणि गळ झोका घेऊन बॅटरीवर आदळला. बॅटरी भिंतीवर जाऊन आपटली, फिरली, उलटी झाली. उजेड कडब्यावर गेला, छताला गेला, माझ्या डोळ्यांत आला. मला वाटलं, गेली. ती गेली नाही. आधीची बॅटरी असती तर त्या एका धक्क्यानं अंधार झाला असता. ती फिरत फिरत थांबली आणि पुन्हा नामदेवच्या पाठीवर उजेड पडला.

दुसऱ्यांदा गळ त्याच्या काखेत गेला. कापडात नाही, मांसात. मी पाहिलं आणि तरी सांगितलं, "वढा." तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. बा आणि संपतआबा ओढत होते, तो एका हातानं लटकत वर येत होता, मान खाली. तोंडाशी खांदा अडकला तेव्हा मायनं माझे पाय सोडले, मला बाजूला लोटलं आणि त्याचं मनगट धरून ती मागं पडली. तो बाहेर आला. ओठ निळे होते. संपतआबांनी त्याला उलटा केला, पाठीवर थापा मारल्या, मग सरळ करून छातीवर दोन्ही हातांनी दाबायला लागले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

तोवर काकू माझ्याजवळ आली होती. पहिल्यांदा बोलली ती तेव्हा. "आता ह्यायले काढा. वच्छे, सांग ना व, कुठं हायेत ते, सांग." मी पुन्हा पडले. आता माझे पाय काकूनं धरले. काका पालथा झाला होता, तोंड ज्वारीत. गळ त्याच्या धोतरात अडकला. बानं ओढला आणि नुसतं धोतर वर आलं. काकूनं माझा एक पाय सोडला, ते धोतर गळातून काढलं, घडी घातली आणि मांडीवर ठेवलं. मग पुन्हा माझा पाय धरला. पुढच्या वेळी गळ पायाला लागला आणि काका उलटा वर आला. संपतआबांनी त्याच्याही छातीवर दाबलं. बानं दाबलं. मायनं तोंडावर पाणी मारलं. मग पाऊस आला आणि सगळ्यांच्या तोंडावर पाणी पडलं, तरी बा दाबत होता. शेवटी संपतआबांनी बाचे हात धरले. "दाजीबा, पुरे."

पेव त्या पावसात भरलं. बानं ते पुढं मुरमानं बुजवून टाकलं. आता त्यावर नामदेवच्या नातवाची मोटरसायकल उभी असते.

संध्याकाळी माणसं जमली, काकाला नेलं. नामदेव घरात पडून होता, डोळे उघडे, काखेत हळद भरलेली, आणि विचारत होता, "काका कुठं गेला?" मायनं त्याच्या काखेत आणखी हळद दाबली. तेव्हा मी ओट्यावर आले. कोणीतरी पेवातून ओढून टाकलेली दोरी तशीच पडली होती, भिजलेली, तिच्या टोकाला बॅटरी, आणि ती जळत होती. दुपारपासून कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. उजेड आता लालसर झाला होता. काकू दाराशी बसली होती, बायकांच्या मध्ये. तिनं बॅटरीकडं पाहिलं, उठून आली, वाकली आणि बटण बंद केलं. "सेल जातीन," ती म्हणाली, आणि परत जाऊन बसली. बायकांना काही कळलं नाही.

वर्षभरानं काकूचे भाऊ आले आणि तिला लोणारला घेऊन गेले, तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून दिला. पुढं लग्नाकार्यात भेटायची. दर वेळी मला बाजूला घेऊन एकच विचारायची, "वच्छे, खरं सांग. नामदेवच वर होता ना व?" मी सांगायचे, "होता, काकू." ती मान हलवायची. पुढच्या भेटीत पुन्हा विचारायची. तिनं मला खोटी धरलं की नाही मला माहीत नाही. मी पाहिलं ते सांगितलं. काका वर असता तर मी आधी काकाकडं गळ न्यायला सांगितलं असतं, आणि मग नामदेवचं काय झालं असतं तेही मला माहीत आहे. काकू आता नाही.

नामदेवच्या काखेत गळाची खूण राहिली, बोट जाईल एवढी. त्यानं त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द काढला नाही, आणि घरात बॅटरी असली तरी त्यानं कंदीलच वापरला, वीज येईपर्यंत. त्याला चार मुलं झाली. मागच्या पोळ्याला तो माझ्या घरी जेवून गेला, दोन भाकरी खाल्ल्या, वर कच्चं तेल मागितलं.

पेवात दोघं उतरले होते. नामदेव वाचला.